चादरीच्या घडीतली कार्डं

हलकुडे सरांना त्यांच्याच विभागप्रमुखांनी फसवलं. शब्द देऊन फसवलं, वर्षभर दुप्पट राबवून घेतलं, आणि वेळ आली तेव्हा हात झटकून म्हणाले, गैरसमज झाला. हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या धंद्यात खोट कुठे आहे ते आधी दाखवतात, मालाचं कौतुक मागाहून.

सोलापुरात माझं काचसामानाचं आणि रसायनांचं दुकान. सुरुवात हातगाडीवर रिकाम्या बाटल्या गोळा करण्यापासून झाली. पुढे पूर्व भागातल्या विणकरांना रंग विकायला लागलो, मग शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना चंचुपात्रं, नळ्या, आम्लं पुरवायला लागलो. शिक्षण चौथीपर्यंत. पण घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता आणि तोंडही तिखट. प्रोफेसर लोक माझ्याशी जपूनच बोलत.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. एका दुपारी एक बुटके गृहस्थ सायकलवरून दुकानी आले. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, सदऱ्याच्या खिशाला फुगवटा. त्यांनी खिशातून एक थर्मामीटर काढून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडून आलेला. हा खोटं बोलतो."

मी म्हटलं, बदलून देतो.

"नको. असाच आणखी एखादा आहे का?"

मला वाटलं, माणूस टोमणा मारतोय. माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांना नको नको ते बोललो. ते शांतपणे उभे राहिले. माझी हवा गेल्यावर म्हणाले, "शेठ, पोरं आकडा दिसला की लगेच विश्वास ठेवतात. सगळ्या खऱ्यांत एक खोटं बोलणारा ठेवला की ती सगळ्यांनाच जाब विचारायला लागतात. म्हणून मला आणखी एक हवाय."

मी शोधून दिला. वर खोट्या मालाचे खऱ्याएवढेच पैसे घेतले. त्यांनी एका शब्दानं घासाघीस केली नाही. ते गेल्यावर मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

प्रा. मल्लिनाथ हलकुडे मूळचे दुधनीचे. घरात भावाची आडत, तूर-हरभऱ्याची. घरची बोली कानडी. हे शिकले, सोलापुरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. मराठी त्यांचं स्वच्छ होतं, पण उत्साहात आले की मधेच कानडी शब्द निसटायचा. त्यातला एक शब्द तर त्यांच्या नावालाच चिकटला. 'निंतिल्ला'. म्हणजे थांबलेलं नाही. पोरं त्यांना पाठीमागे 'निंतिल्ला सर'च म्हणत.

तो शब्द कुठून आला ते सांगतो. ते शनिवारी दुकानात आले की मी चहा मागवायचो. ते दोन चमचे साखर जास्तीची मागून घ्यायचे, ढवळायचे, आणि चहा फिरायचा थांबेपर्यंत नुसते बघत बसायचे. तोवर चहाचं पाणी व्हायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, सर, साखर विरघळायची तेवढी विरघळली, उरलेली तळाला बसली, आता काय बघताय?

"निंतिल्ला," ते म्हणाले. "तळाची साखर वर जातेय आणि वरची खाली येऊन बसतेय. दोन्ही सारखंच चाललंय, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. थांबलेलं काहीच नाही."

मी माझ्या तराजूकडे बोट दाखवलं. म्हटलं, आम्ही समतोल बघतो तो हा. दोन्ही पारडी सारखी झाली, काटा थांबला, गिऱ्हाइकानं पैसे दिले, मामला खलास.

त्यांनी कपाळाला हात लावला. "हाच! हाच तराजू माझ्या पोरांच्या डोक्यात बसलाय. पुस्तकात 'रासायनिक समतोल' असा शब्द घातला आणि प्रत्येकाच्या डोक्यात वाण्याचा काटा आला. पोरं पेपरात लिहितात, समतोल आला की क्रिया थांबते. मार्कही मिळतात. आणि ते साफ खोटं आहे."

एका शब्दापायी माणूस इतका हैराण होऊ शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही भावापायी होतो.

त्यांच्या खिशाचा फुगवटा म्हणजे चिंचोके. फोडून दोन फाकी केलेले, एका बाजूनं काळे, दुसऱ्या बाजूनं पांढरे, आपण लहानपणी खेळात टाकायचो तसे. कॉलेजच्या मैदानावर ते फक्कीची रेघ मारायचे आणि सगळा वर्ग एका बाजूला उभा करायचे. शिट्टी वाजली की प्रत्येकानं आपले चिंचोके टाकायचे. सांगितलेलं दान पडलं की रेघ ओलांडायची, नाहीतर जागेवर थांबायचं. ओलांडून गेलेल्यालाही दान पडलं की परत यावं लागायचं. आधी सगळा लोंढा पलीकडे जायचा, मग काही परतायचे, आणि थोड्या वेळानं दोन्हीकडची गर्दी ठरल्यासारखी व्हायची. पण जाणं-येणं चालूच. मी एकदा मालाची पेटी पोचवायला गेलो होतो, तेव्हा कुंपणाशी उभा राहून हे बघितलं. माझ्या शेजारी कॉलेजचा शिपाई अंबादास उभा होता. विणकराच्या घरचा, भावाचे पूर्व भागात चादरीचे माग. तो म्हणाला, "आमचं सर पोरांना लंगडी शिकवत्यात. आन पगार रसायनाचा."

सरांचं त्यावर समाधान नव्हतंच. म्हणायचे, वर्गात पोरं मूठभर, आणि चहाच्या थेंबात कण किती ते मोजायला जन्म पुरायचा नाही. शिवाय दान टाकून पोरं दमतात.

मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शिक्षकांच्या वर्गाला मुंबईला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. तिथल्या एका संस्थेत त्यांनी कॉम्प्युटर बघितला होता. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिथे नोकरीला होता. सर मला म्हणाले, "शेठ, ते यंत्र दमत नाही. हजार पोरं रेघेवर उभी करा, हजार वेळा दान टाकायला लावा, ते टाकतं."

मी विचारलं, त्याला सांगायचं कसं?

त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. पोस्टकार्डापेक्षा लांब, कडक, आणि त्याला बारीक चौकोनी भोकं. मला हसू आलं. म्हटलं, हे तर आपल्या चादरीचं. सोलापुरात कुणालाही विचारा, जेकार्डाच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, आणि त्या भोकांवरून चादरीवर मोर उठतो की फूल ते ठरतं. सरांचे डोळे चमकले. मला सायकलवर डबलसीट बसवून ते थेट अंबादासच्या भावाच्या मागावर घेऊन गेले. खटखटाटात तासभर त्या फिरणाऱ्या माळेकडे बघत उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "भोक आहे की नाही, एवढ्यावरच दोघांचं चालतं. इथं मोर निघतो. माझ्याकडे क्रिया निघेल."

त्यानंतर माझी मुंबईची खेप असली की सरांची कार्डांची पेटी माझ्याबरोबर असायची. मी माल आणायला जायचो, जाताना पेटी संस्थेत द्यायचो, येताना कागद आणायचो. एका चुकीसाठी कधी आख्खी खेप वाया जायची. सर कार्ड बदलायचे, पुन्हा पाठवायचे. एक कार्ड उष्णतेचं होतं. तेवढं बदललं की क्रिया जलद व्हायची. पेटी आपटू देऊ नका, कार्डांचा क्रम बिघडला तर सगळं मातीमोल, असं ते मला दर वेळी बजावायचे. मी काच वाहणारा माणूस, मला हे सांगायची गरज नव्हती. पण ते सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचो.

संस्थेला दर खेपेला विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र लागायचं. पहिल्या सहीच्या वेळी मी त्याच खोलीत बिलासाठी ताटकळत बसलो होतो. विभागप्रमुखांनी पेटीतलं एक कार्ड उचललं, खिडकीच्या उजेडाला धरलं, आणि त्याच्या वरच्या कडेला छापलेली बारीक इंग्रजी अक्षरं मोठ्यानं वाचली. हसले. म्हणाले, "हलकुडे, परीक्षेत हे विचारत नाहीत." पण सही केली. ते कार्ड उजेडाला धरलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वाचणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

कागद आले ते लांबच लांब, कडांना भोकं असलेले. प्रत्येक पानावर A आणि B या अक्षरांचे ठोकळे, ओळींमागून ओळी. पहिल्या पानावर सगळे A. पुढच्या पानांवर B वाढत जायचे, मग आकडा एका जागी घुटमळायचा. सरांनी व्हरांड्यात दोऱ्या बांधून ते कागद वाळत घातलेल्या चादरींसारखे टांगले आणि वर्गातल्या प्रत्येकाला ठोकळ्यातली एक जागा नेमून दिली. तिसरी ओळ, पाचवं अक्षर, ही तुझी. पानापानावर आपलं अक्षर बघत जा.

पद्मा नावाची एक मुलगी होती, तेलुगू विणकरांच्या घरची, आदल्या वर्षी याच विषयात नापास झालेली. पुढे ती शिक्षिका झाली; या हकिकतीतला बराच भाग मला तिनंच सांगितला. तर ती व्हरांड्यात एका कागदावरून दुसऱ्यावर बोट ठेवत चालली होती. शेवटच्या पानापाशी थबकली आणि मागे वळून म्हणाली, "सर, B ची बेरीज कधीची थांबलीय. पण माझा A अजून B होतोय, परत A होतोय. कुणीच थांबलेलं नाही."

सर चष्मा काढून पुसत बसले. मग वर्गच ओरडला, "निंतिल्ला!" आणि अख्खा व्हरांडा हसला. त्यांच्या पाठीमागचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर उच्चारलं गेलं, आणि ते त्यांना आवडलं.

आता विभागप्रमुखांनी दिलेल्या शब्दाची गोष्ट. विद्यापीठाची एक समिती कॉलेजला भेट द्यायला येणार होती. समितीला ही रीत पटली असती तर ती सगळ्या कॉलेजांत गेली असती आणि मुंबईच्या यंत्रावर दर महिन्याला रीतसर वेळ मिळाला असता. निकड होती, कारण संस्थेतला तो जुना विद्यार्थी परदेशी निघाला होता. तो गेला की आतलं आपलं माणूस संपलं. विभागप्रमुखांनी सरांना बोलावून सांगितलं, मी परीक्षेचं गाइड लिहितोय, वर्षभर माझे तास तुम्ही घ्या, समितीपुढे तुमचं कॉम्प्युटरचं काम मी स्वतः ठेवतो. माझा शब्द.

मी सरांना म्हटलं, लिहून घ्या.

"शब्द दिलाय की, शेठ."

"सर, मी शब्दावर बाटलीचं बूचसुद्धा विकत नाही."

ते हसले. वर्षभर त्यांनी दोघांचे तास घेतले. घसा बसला, सायकल चढावर ढकलत न्यायला लागले. शनिवारचा चहा बंद झाला. गाइड मात्र वेळेवर छापून आलं.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात कॉलेजची चाचणी परीक्षा होती. सर वर्गावर देखरेखीला. पोरांना कच्च्या कामासाठी कोरे कागद वाटले होते. पद्मानं गणित करायला कागद ओढला आणि सहज उलटला. मागे A आणि B. तिनं ओळी मोजल्या. ती जागेवर उभी राहिली. परीक्षेत बोलायचं नाही म्हणून काही न बोलता तिनं तो कागद सरांपुढे धरला आणि एका अक्षरावर बोट ठेवलं. सरांनी कागद बघितला. मग वर्गभर नजर फिरवली. प्रत्येक बाकावर तेच कागद, कापलेले, त्यांच्या पाठीवर पोरांचे भागाकार चाललेले.

"पेपर लिही, बाळ," एवढंच ते म्हणाले. आणि घंटा होईपर्यंत वर्गाच्या कडेकडेनं चालत राहिले. पद्मा म्हणते, ते कुणाच्याही बाकाकडे बघत नव्हते.

घंटा झाल्यावर त्यांनी कागद आणि कार्डांची पेटी ठेवायचं कपाट उघडलं. पेटी नव्हती.

समिती आली. विभागप्रमुखांनी नवं गाइड दाखवलं, मी पुरवलेलं नवं काचसामान दाखवलं. एका सदस्यानं विचारलं, तुमच्याकडे कॉम्प्युटरचं काहीतरी आहे म्हणे? विभागप्रमुखांनी सरांकडे बघितलं, जसं काही आपल्याला यातलं ठाऊकच नाही. सरांकडे दाखवायला काही नव्हतं. त्यांनी खिशात हात घातला आणि चिंचोके काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, आधी यातून सांगतो. सदस्य एकमेकांकडे बघून हसले. विभागप्रमुख म्हणाले, "आमचे हलकुडे जरा खेळकर आहेत." सरांनी चिंचोके एकेक करून उचलून परत खिशात टाकले.

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी दुकान उघडं टाकून कॉलेजात गेलो आणि विभागप्रमुखांच्या खोलीत शिरून बाहेरच्या पोरांना ऐकू जाईल असा बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, समिती येणार म्हणून सफाई काढली. रद्दी वापरात आणली. कार्डांचं म्हणाल तर गैरसमज झाला. अंबादासला वाटलं, कुणाच्या तरी मागाची कार्डं आहेत. घेऊन गेला. सोलापूर आहे, व्हायचंच असं.

त्या दिवसापासून त्या कॉलेजचा माल माझ्याकडून बंद झाला. झाला तर झाला.

अंबादासला मी गाठलं. तो रडकुंडीला आला होता. "शेठ, मी आपल्या मनानं न्हाय नेली. सायबांनीच पेटी हातात दिली. म्हणाले, ही मागाची कार्डं हितं कशी आली, ज्याची त्याला नेऊन दे. मला काय इंग्रजी वाचता येतं व्हय? बारीक अक्षरं बघितलीच न्हायत, भोकं दिसली, भावाकडं नेली."

आम्ही मागावर गेलो. त्याच्या भावानं कार्डं मागाला लावून बघितली होती. भोकं जुळली नाहीत. कागद मात्र कडक, चांगला. म्हणून त्यानं एकेक कार्ड चादरीच्या घडीत घातलं होतं, घडी ताठ राहावी, दुकानात माल उठून दिसावा म्हणून. त्या चादरी व्यापाऱ्याकडे गेल्या होत्या. व्यापाऱ्याकडून कुठे कुठे गेल्या, देव जाणे. मागाशेजारी मूठभर कार्डं उरली होती. भावानं ती मला फुकट दिली. वर हात जोडले.

मी ती सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी खाटेवर पसरली, वरची अक्षरं वाचली, इकडची तिकडे केली. मी म्हटलं, पुन्हा पाडून घेऊ की. मी नेतो मुंबईला. हवं तर चार खेपा करतो.

"पत्रावर सही कोण करणार?" ते म्हणाले. "आणि तिथला माझा विद्यार्थीही परदेशी गेला."

मग कार्डं गोळा करून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "क्रम गेला, शेठ. आता ही नुसती भोकं आहेत."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला आणि दुधनीला गेले. कुणी अडवलं नाही. विभागप्रमुखांनी निरोपसमारंभ केला म्हणतात, हार घातला म्हणतात. मी गेलो नाही. गेलो असतो तर तो हार जागेवर राहिला नसता.

पुढे मला एक सवय जडली. कुठल्याही गावी चादरीच्या दुकानात शिरायचं आणि घड्या उलगडायला लावायच्या. दुकानदार वैतागतात, म्हणतात, म्हातारा घेत काही नाही. मी त्यांना सांगत नाही. हुबळीला एकदा एका घडीतून एक कार्ड पडलं. मी ती चादर मागेल त्या भावाला घेतली. आयुष्यात घासाघीस न करता घेतलेला तेवढाच माल.

ते कार्ड घेऊन मी दुधनीला गेलो. भावाच्या आडतीत सर मोठ्या काट्यापाशी बसले होते, अंगावर तुरीची धूळ, कपाळावर विभूती तशीच. एक शेतकरी पोतं लावत होता. मला बघून ते म्हणाले, "बर्री, शेठ, बर्री." या, या. मी कार्ड दिलं. त्यांनी उजेडाला धरलं, अक्षरं मनात वाचली. "उष्णतेचं," म्हणाले, आणि मला परत दिलं.

काट्याची दांडी वरखाली होत होती. मला त्यांना हसवायचं होतं. मी म्हटलं, सर, हा काटा आता थांबेल, पण आत काही थांबणार नाही. काय? निंतिल्ला?

ते दांडीकडे बघत राहिले. ती हळूहळू स्थिर झाली.

"निंतद," ते म्हणाले.

तेवढी कानडी मला येते. थांबलं.

चहा आला. त्यांनी जास्तीची साखर मागितली नाही. ढवळला आणि गरम होता तसाच, चहा फिरत असतानाच, पिऊन टाकला. मी निघालो तेव्हा ते पुढचं पोतं लावून घेत होते. मी वळून बघितलं. त्यांनी बघितलं नाही. त्यानंतर वर्षभरात ते गेले. निरोप यायलाही उशीर झाला.

विभागप्रमुख हयात आहेत. जुळे सोलापुरात राहतात, संध्याकाळी फिरायला निघतात, गाइडाच्या नव्या आवृत्त्या निघाल्या असं ऐकतो. हे लिहिलेलं त्यांच्या हाती पडेल, याची व्यवस्था मी करणार आहे. नाव घातलेलं नाही, कारण त्यांना ते कळेल. साहेब, मागाच्या कार्डावर अक्षरं नसतात. हे सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही ते कार्ड खिडकीशी धरलंत, त्यावरची अक्षरं माझ्यादेखत मोठ्यानं वाचलीत, आणि नंतर ती पेटी अंबादासच्या हातात देऊन मागाची म्हणालात. गैरसमज अंबादासचा झाला, तुमचा नाही. उष्णतेचं कार्ड माझ्या गल्ल्यात आहे. या, पुन्हा उजेडाला धरा, आणि सांगा, त्या माणसाला तुम्ही का थांबवलंत?